वापरलेली मध्यम सेडान घेताना

चार मीटरपेक्षा जास्त लांबी, मागे स्वतंत्र डिकी, पाच जणांना बसता येईल एवढी जागा आणि बहुतेक वेळा दीड लिटरच्या आसपासचे इंजिन असलेल्या गाडीला भारतीय बाजारात मध्यम सेडान म्हणतात. होंडा सिटी, मारुती सियाझ, ह्युंदाई व्हर्ना, फोक्सवॅगन व्हेंटो आणि स्कोडा रॅपिड ही या वर्गातली ओळखीची नावे. व्हेंटो आणि रॅपिडची जागा २०२२ पासून व्हर्टस आणि स्लाव्हिया यांनी घेतली. या चारही गाड्या पुण्याजवळ चाकणला तयार झालेल्या आहेत. डिझायर, अमेझ किंवा ऑरा यांनाही डिकी असते, पण लहान गाड्यांच्या करसवलतीसाठी त्यांची लांबी चार मीटरच्या आत बसवलेली आहे. त्यांचा वर्ग वेगळा, भावही वेगळे. दोन्हींची तुलना करून मध्यम सेडान महाग ठरवणे योग्य नाही.

गेल्या काही वर्षांत नव्या गाड्यांच्या ग्राहकांचा ओढा उंच एसयूव्हीकडे गेला आहे. त्यामुळे सेडानचा पुनर्विक्रीचा भाव लवकर उतरतो. पहिल्या मालकाचे यात नुकसान होते आणि दुसऱ्याचा फायदा. नव्या छोट्या हॅचबॅकच्या पैशात चार-सहा वर्षांची, नीट सांभाळलेली सेडान मिळू शकते आणि महामार्गावरची तिची स्थिरता, मागच्या सीटवरचा आराम आणि सुमारे पाचशे लिटरची डिकी त्या हॅचबॅकला देता येत नाही. मात्र हा हिशेब गाडी खरोखर नीट सांभाळलेली असेल तरच जमतो. एकाच वर्षी, एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन सिटींमध्ये सात-आठ वर्षांनी जो फरक पडतो, तो सिटी आणि व्हर्ना यांच्यातल्या फरकापेक्षा मोठा असतो. म्हणून शोध मॉडेलच्या नावापासून सुरू झाला, तरी निर्णय समोर उभ्या असलेल्या त्या एका गाडीच्या इतिहासावरच व्हायला हवा.

तरीही मॉडेल ठरवताना घरातल्या माणसांचा विचार आधी करावा. सेडानची सीट खाली असते. गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांना रोज तिच्यात बसावे-उठावे लागणार असेल, तर त्यांना प्रत्यक्ष बसवून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. मागच्या सीटवर तिघे जण नेहमी बसणार असतील, तर सियाझ आणि सिटीची मागची जागा व्हेंटो-रॅपिडपेक्षा मोकळी वाटते. लहान मूल असेल, तर बेबी सीट बसवण्यासाठी आयसोफिक्सची सोय आहे का ते पाहावे. घराकडचा रस्ता कच्चा किंवा गतिरोधकांनी भरलेला असेल, तर पाच माणसे आणि सामान भरल्यावर गाडीचा तळ घासतो का, याची चौकशी आधीच्या मालकाकडेच करता येते.

सुरक्षिततेच्या बाबतीत उत्पादनाचे वर्ष महत्त्वाचे आहे. एबीएस ब्रेक एप्रिल २०१९ पासून आणि पुढच्या प्रवाशासाठी एअरबॅग जानेवारी २०२२ पासून सर्व नव्या गाड्यांत सक्तीची झाली. त्याआधीच्या गाडीत या गोष्टी आहेत की नाहीत हे व्हेरिअंटवर अवलंबून असते, म्हणून खालच्या व्हेरिअंटची गाडी स्वस्तात मिळत असेल तर काय कमी आहे ते नीट पाहून घ्यावे. ग्लोबल एनकॅपच्या चाचण्यांत चौथ्या पिढीच्या सिटीला २०२२ मध्ये चार तारे मिळाले, तर स्लाव्हिया, व्हर्टस आणि २०२३ ची नवी व्हर्ना यांना अधिक कडक निकषांवर पाच तारे मिळाले. कुटुंबासाठी गाडी घेताना सनरूफपेक्षा या गोष्टींना जास्त वजन द्यायला हवे.

इंधनाचा निर्णय रोजच्या वापरावरून होतो. मारुतीने एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज ६ मानके लागू होताना डिझेल इंजिने बंद केली, व्हेंटो आणि रॅपिडचेही डिझेल तेव्हाच थांबले आणि २०२३ मध्ये सिटी व व्हर्ना यांनीही डिझेल सोडले. म्हणजे या वर्गात डिझेल आता फक्त जुन्या बाजारातच मिळते. महिन्याला दीड-दोन हजार किलोमीटर महामार्गावर फिरणाऱ्याला ते अजूनही परवडते. शहरात रोज पाच-सात किलोमीटर जाणाऱ्याने मात्र बीएस-६ डिझेल टाळावे. त्यातला धुराचा कण-फिल्टर साफ होण्यासाठी गाडी काही काळ सलग वेगात चालावी लागते. ते झाले नाही तर फिल्टर तुंबतो आणि त्याची दुरुस्ती महाग असते. गाडी पुढे दिल्ली परिसरात नेण्याची शक्यता असेल, तर तिथे दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवरच्या निर्बंधांची त्या वेळची स्थितीही तपासावी. पेट्रोल गाडी घेताना मालकाच्या पुस्तिकेत किंवा इंधनाच्या झाकणाजवळ ती किती टक्के इथेनॉलसाठी योग्य आहे ते वाचावे. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या २० टक्के मिश्रणाचा विचार करून बनवलेल्या आहेत. जुन्या गाडीत इंधनाच्या रबरी नळ्यांची तपासणी वेळोवेळी करून घ्यावी लागेल. बाहेरून सीएनजी किट बसवलेले असेल, तर त्याची नोंद आरसीवर हवी आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी दाब-चाचणी झालेली हवी. नोंद नसलेल्या किटमुळे विम्याचा दावा अडकू शकतो.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची गाडी घेताना थोडा अधिक सावधपणा लागतो. सिटीच्या सीव्हीटीचे तेल ठरलेल्या अंतरावर बदलले आहे का, हे सर्व्हिसच्या नोंदींत शोधावे. व्हेंटोच्या काही इंजिनांना जोडलेला सात-गतींचा डीएसजी चालवायला उत्तम आहे, पण वॉरंटी संपल्यावर त्याच्या क्लचचे किंवा मेकॅट्रॉनिक युनिटचे काम निघाले तर बिल मोठे येते. आधीचे बिल दाखवता येत नसेल आणि कमी वेगात गाडी हिसके देत असेल, तर भाव कितीही चांगला असला तरी ती सोडून द्यावी.

गाडी पाहायला जाण्याआधी नोंदणी क्रमांक मागून घ्यावा आणि कागद तपासावेत. बहुतेक जण नेमके उलट करतात. चकचकीत पॉलिश केलेली गाडी पाहिल्यावर ती मनात भरते आणि मग कागदांतल्या त्रुटी किरकोळ वाटू लागतात. एमपरिवहन ॲपवर किंवा वाहन पोर्टलवर क्रमांक टाकला, की नोंदणीची तारीख, इंधन, विम्याची व पीयूसीची मुदत आणि गाडीवर कर्जाचा बोजा आहे का हे दिसते. थकीत ई-चलनेही ऑनलाइन पाहता येतात. ती भरणे विक्रेत्याचे काम आहे, कारण थकबाकी असेल तर हस्तांतर अडू शकते. त्यानंतर मूळ आरसीवर उत्पादनाचा महिना-वर्ष आणि नोंदणीची तारीख यांत किती अंतर आहे ते पाहावे. डिसेंबरमध्ये तयार झालेली गाडी पुढच्या वर्षी नोंदली गेली असेल तर विक्रेता नोंदणीचे वर्ष सांगतो, भाव मात्र उत्पादनाच्या वर्षावर ठरायला हवा. आरसीवरचा मालकाचा अनुक्रमांक, म्हणजे गाडी फर्स्ट ओनर आहे की थर्ड, हेही बोलण्यावर न सोडता कागदावरच वाचावे. चेसिस आणि इंजिन क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशी स्वतः ताडून पाहावेत.

विम्याची पॉलिसी नीट वाचणारे थोडे असतात, पण गाडीच्या इतिहासाबद्दल ती बरेच सांगते. सलग दावा न केलेल्या वर्षांसाठी नो-क्लेम बोनस २० टक्क्यांपासून सुरू होऊन २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्क्यांपर्यंत जातो. एकाच मालकाकडे असलेल्या सहा वर्षांच्या गाडीच्या पॉलिसीवर बोनस शून्य असेल, तर मागच्या वर्षी दावा झाला असण्याची किंवा विम्यात खंड पडला असण्याची शक्यता मोठी असते. तो दावा कशासाठी होता हे विचारावे आणि त्याचे बिल मागावे. बंपर घासल्याचा दावा आणि पुढचा भाग चेपल्याचा दावा यांत फार अंतर आहे. बोनस मात्र मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. जुन्या गाडीवरून तो या गाडीवर आणलेला असू शकतो, म्हणून ५० टक्के बोनस पाहून गाडीला कधी ठोकर बसलीच नाही असे मानता येत नाही.

रनिंगचा आकडा मीटरवर दिसतो, पण त्याला पुरावा सर्व्हिसच्या नोंदींत मिळतो. अधिकृत वर्कशॉपमध्ये प्रत्येक भेटीची तारीख आणि किलोमीटर नोंदलेले असतात आणि मालक सोबत असेल तर ती यादी बहुधा मिळते. आकडे वर्षागणिक वाढत गेलेले हवेत. मध्येच दोन वर्षांचा खंड असेल, किंवा २०२१ मध्ये ७० हजार असलेला आकडा २०२४ मध्ये ५५ हजार झाला असेल, तर पुढची चर्चा थांबवावी. गाडीच्या आतही खुणा सापडतात. स्टीअरिंगचे गुळगुळीत झालेले आवरण, ब्रेक आणि क्लचच्या पेडलवरचे झिजलेले रबर, ड्रायव्हरच्या सीटची दबलेली कड हे ४० हजार किलोमीटर चाललेल्या गाडीत दिसत नाही. टायरच्या कडेवर चार आकड्यांत उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष छापलेले असते. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. तीन वर्षांच्या, ३० हजार किलोमीटरच्या गाडीचे चारही टायर नवे असतील तर कारण विचारावे. डिकीतली स्टेपनीही पाहावी, कारण ती बहुधा गाडीबरोबर आलेली, मूळ वयाची असते.

अपघाताच्या खुणा शोधताना दिवसाचा उजेड हवा आणि गाडी धुतलेली, कोरडी हवी. दारे, बोनेट आणि डिकी यांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या हव्यात. बोनेट उघडून आतले बोल्ट पाहावेत. रंग उडालेला किंवा पान्याच्या खुणा असलेला बोल्ट म्हणजे तो भाग कधीतरी काढलेला आहे. बाहेरचा पत्रा बदलणे किंवा रंगवणे हे शहरातल्या गाडीत नेहमीचे असते आणि त्यावरून गाडी नाकारू नये. खरा प्रश्न सांगाड्याचा आहे. बोनेटखालचे ॲप्रन, पुढच्या रेडिएटरचा आधार, दारांचे पिलर आणि डिकीतल्या गालिच्याखालचा पत्रा यांवर कारखान्यातले वेल्डिंगचे गोल ठिपके एकसारख्या अंतरावर असतात. तिथे वेडेवाकडे वेल्डिंग, सीलंटचे थर किंवा सुरकुत्या दिसल्या, तर गाडीला जबर मार बसलेला आहे. अशी गाडी पुढच्या अपघातात माणसांना पुरेसे वाचवेल याची खात्री देता येत नाही. काचांच्या कोपऱ्यावरचे कंपनीचे चिन्ह आणि वर्षही जुळवून पाहावे; एकच काच वेगळी असेल तर ती का बदलली याचे उत्तर मिळायला हवे.

पाण्यात बुडालेली गाडी ओळखणे यापेक्षा अवघड आहे, आणि महाराष्ट्रात या तपासणीला पर्याय नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला आलेल्या पुरांत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. मुंबईतल्या सखल भागांत तर पार्किंगमध्ये पाणी शिरणे दर पावसाळ्यात घडते. सेडान जमिनीलगत असल्याने पाणी तिच्या आत लवकर पोचते. विमा कंपनीने पूर्ण नुकसान धरलेल्या गाड्या लिलावात जातात, दुरुस्त होतात आणि दूरच्या शहरात विकल्या जातात. म्हणून एखाद्या जिल्ह्याचे पासिंग पाहून गाडीवर शंका घेण्यात किंवा निर्धास्त होण्यात अर्थ नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. गाळाची रेघ तिथे राहून जाते, कारण पट्टा बदलायचे कोणाच्या लक्षात येत नाही. सीटच्या रुळांवर आणि खालच्या स्प्रिंगांवर गंज, स्टेपनीच्या खळग्यात बारीक माती, हेडलाइटच्या आत पाण्याची पुसट पातळी, नव्याकोऱ्या गालिच्यासोबत जुन्या सीट आणि एसी बंद करताच येणारा कुबट वास या खुणा एकत्र दिसल्या तर गाडी घेऊ नये. धोका इंजिनापेक्षा वायरिंगचा असतो. जोडांमध्ये शिरलेल्या ओलाव्याने ते महिनोन्महिने आतून गंजत राहतात आणि एअरबॅगचे नियंत्रक बहुतेक वेळा पुढच्या दोन सीटांमध्ये, खाली जमिनीलगतच बसवलेले असते. कोकण, गोवा किंवा मुंबईच्या किनाऱ्याजवळ वापरलेल्या गाडीत खाऱ्या हवेचा गंज वेगळा. तो दारांच्या खालच्या कडांना, सायलेन्सरला आणि तळाच्या जोडांना आधी धरतो. त्यासाठी गाडी लिफ्टवर चढवून तळ पाहिलाच पाहिजे. गतिरोधकांवर आपटलेला ऑइल संप किंवा दाबलेली खालची पट्टीही त्याच वेळी दिसते.

इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे, आणि विक्रेत्याला तसे आदल्या दिवशी सांगून ठेवावे. पोचल्यावर बोनेट गरम लागले तर इंजिन आधीच सुरू करून ठेवलेले आहे. पुन्हा वेगळी वेळ घ्यावी. सुरू करताना निळसर धूर येणे म्हणजे ऑइल जळते आहे. गाडी गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर टिकला, तर कुलंट सिलिंडरमध्ये जात असण्याची शंका घ्यावी. ऑइलच्या झाकणाखाली दुधट थर दिसला, तर त्या शंकेला बळ मिळते. व्हेंटो-रॅपिडच्या डिझेल इंजिनांत टायमिंग बेल्ट आहे; तो केव्हा बदलला याचे बिल नसेल, तर बदलायचा खर्च भावातून वजा करावा, कारण बेल्ट तुटला तर इंजिनाचे मोठे नुकसान होते. फिरवून पाहताना किमान अर्धा तास घ्यावा. त्यात गर्दीचा रस्ता हवा, चढ हवा आणि सत्तर-ऐंशीच्या वेगाने जाता येईल असा पट्टाही हवा. खड्ड्यांतून पुढच्या चाकांकडून ठकठक येणे बहुधा लिंक रॉड किंवा लोअर आर्मच्या बुशमुळे असते आणि ते काम फार मोठे नाही; स्टीअरिंग एका बाजूला ओढत असेल आणि अलाइनमेंट करूनही तसेच राहत असेल, तर मात्र पुन्हा सांगाड्याकडे वळावे. चढावर उंच गिअरमध्ये इंजिनाचा आवाज वाढूनही वेग वाढत नसेल तर क्लच संपलेला आहे. एसी दुपारच्या उन्हात, गाडी उभी असताना तपासावा.

एवढे पाहिल्यावरही एखादा स्वतंत्र, विश्वासाचा मेकॅनिक सोबत नेणे शहाणपणाचे आहे, आणि त्याने ओबीडी स्कॅनर लावून साठलेले दोष वाचावेत. सापडलेला दोष भाव करताना कामी येतो. सगळे दोष नुकतेच पुसलेले आढळले, तर तेही काही सांगून जाते. मेकॅनिक विक्रेत्याने सुचवलेला नसावा.

भाव ठरवताना तीन बाजूंनी अंदाज घ्यावा: त्याच वर्षाच्या आणि त्याच व्हेरिअंटच्या इतर गाड्यांचे भाव, विम्यातली घोषित किंमत, आणि समोरच्या गाडीला लगेच करावा लागणारा खर्च. घोषित किंमत हा बाजारभाव नसतो, पण मागितलेला भाव तिच्यापेक्षा बराच वर असेल तर कारण विचारता येते. टायर, बॅटरी, ब्रेक आणि पहिली पूर्ण सर्व्हिस यांसाठी किमतीच्या पाच ते दहा टक्के रक्कम बाजूला ठेवूनच आकडा बोलावा. मालकाकडून थेट घेतलेली गाडी सहसा स्वस्त पडते. डीलर जास्त घेतो, पण त्याच्याकडे वॉरंटी आणि कागदपत्रांची सोय मिळू शकते. एप्रिल २०२३ पासून वापरलेल्या गाड्यांच्या डीलरला आरटीओची अधिकृतता घ्यावी लागते आणि गाडी ताब्यात आल्याची माहिती नमुना २९-सी मधून द्यावी लागते. हे दाखवू न शकणाऱ्याकडे टोकन देऊ नये. टोकन किंवा पूर्ण रक्कम, दोन्ही बँकेतूनच आणि आरसीवर नाव असलेल्या मालकाच्या किंवा अधिकृत डीलरच्या खात्यातच भरावी, आणि कागद न पटल्यास टोकन परत मिळेल असे लिहून घ्यावे.

गाडीवर कर्जाचा बोजा असेल, तर तो बँकेच्या ना-हरकत पत्रासह नमुना ३५ देऊन उतरवावा लागतो. पैसे देण्याआधी हे पूर्ण व्हावे, किंवा रक्कम थेट त्या कर्जखात्यात भरून व्हावे. हस्तांतरासाठी नमुना २९ आणि ३० लागतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. हे दोघांच्याही हिताचे आहे: नोंदणीत ज्याचे नाव, तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. सह्या केलेले कोरे नमुने देऊन 'नाव नंतर करू' म्हणणारा विक्रेता आणि ते घेऊन जाणारा खरेदीदार, दोघेही मोठी जोखीम घेतात. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल, तर नमुना २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि महाराष्ट्राचा कर नव्याने भरावा लागतो. दिल्लीची स्वस्त गाडी हा कर, वाहतूक आणि धावपळ धरल्यावर अनेकदा स्वस्त राहत नाही.

विमाही १४ दिवसांत स्वतःच्या नावे करण्यासाठी अर्ज द्यावा. तृतीय पक्षाचे संरक्षण गाडीबरोबर येते, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर असताना नाकारला जातो. आधीचा नो-क्लेम बोनस विक्रेत्याकडेच राहत असल्याने हप्त्यातला फरक भरावा लागेल. विक्रेत्याने त्याचा फास्टॅग बंद करावा आणि खरेदीदाराने नवा स्वतःच्या नावाने घ्यावा. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीवर उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसली आहे का हे पाहावे. दुसरी चावी, मालकाची पुस्तिका, सर्व्हिसची बिले आणि स्टेपनीचा जॅक ताब्यात घेतल्याशिवाय व्यवहार पुरा धरू नये. हरवलेली दुसरी चावी नव्याने बनवून घेण्याचा खर्च बराच असतो. नवी आरसी आली की नावाचे स्पेलिंग, पत्ता, चेसिस क्रमांक आणि बोजाचा रकाना लगेच वाचून घ्यावा, आणि चूक असल्यास तेव्हाच दुरुस्तीचा अर्ज करावा.